चाळणी सैल झाल्यानंतर: समाजमाध्यमांवरील अपप्रचाराला तोंड देण्याची कार्यपद्धती

७ जानेवारी २०२५ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी एका चित्रफितीतून जाहीर केले की, डिसेंबर २०१६मध्ये सुरू झालेली, स्वतंत्र संस्थांकडून तथ्ये पडताळून घेण्याची व्यवस्था अमेरिकेत बंद होईल आणि तिची जागा वापरकर्त्यांनी लिहिलेल्या टिपा घेतील. त्याच घोषणेतील दुसरा निर्णय सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे: कंपनीची स्वयंचलित यंत्रणा यापुढे मुख्यतः बेकायदा आणि अतिगंभीर मजकूरच शोधणार, आणि त्याहून सौम्य ठरवलेल्या उल्लंघनांची दखल कोणी तक्रार केली तरच घेतली जाणार. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर काही आठवड्यांतच सुमारे निम्मे कर्मचारी कमी झाले होते आणि डिसेंबरमध्ये बाहेरच्या जाणकारांची सल्लागार परिषद बरखास्त करण्यात आली होती. जून २०२३मध्ये यूट्यूबने अमेरिकेतील २०२०च्या निवडणुकीत मोठा गैरव्यवहार झाल्याचे खोटे दावे काढून टाकणे थांबवले. १४ ऑगस्ट २०२४ रोजी मेटाने क्राउडटँगल बंद केले. कोणता मजकूर किती वेगाने पसरतो आहे, हे पत्रकार आणि संशोधक याच साधनावरून पाहत असत.

ही चाळणी पूर्वी फार बारीक होती असे मुळीच नाही. माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१मध्ये उघड केलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून इंग्रजीखेरीज इतर भाषांतील मजकुराकडे किती कमी लक्ष दिले जात होते, हे दिसलेच होते. त्यामुळे अनेक भाषांच्या वाचकांना ही परिस्थिती नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, एखाद्या मजकुरावर इशाऱ्याची खूण नाही, म्हणजे तो कोणीतरी तपासला असावा, हे गृहीत धरण्याची मुभा आता कोणालाच राहिलेली नाही. निळ्या खुणेचेही तेच झाले आहे. एप्रिल २०२३पासून ट्विटरवरील जुन्या पडताळणीच्या खुणा काढून घेण्यात आल्या आणि ही खूण मुख्यत्वे पैसे भरल्याची पावती झाली.

ज्यांच्या शब्दाला एखाद्या वर्तुळात वजन आहे, अशांसाठी हा लेख आहे: गटाचे ॲडमिन, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते, एखादे पान चालवणारे, किंवा घरात ज्यांना "हे खरे आहे का हो?" असे विचारले जाते ते. अनवधानाने पसरलेली चूक आणि हेतुपुरस्सर रचलेला अपप्रचार यांत फरक आहे; परंतु आपल्यापर्यंत येताना दोन्हींचा वेष सारखाच असतो, आणि पुढे पाठवणारा बहुधा प्रामाणिकच असतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांत रोख माणसावर नसून दाव्यावर आहे. तसेच सगळे खोटे खोडून काढणे हे यातील उद्दिष्ट नाही. ते कोणालाही शक्य नाही, आणि तसा प्रयत्न करणारा माणूस बहुतेक वेळा नकळत त्या खोट्याचाच वाहक बनतो.

पहिली पायरी: स्वतःचा हात आवरणे

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील व्होसुघी, रॉय आणि अराल यांनी २०१८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. याला यंत्रचालित खाती कारणीभूत नव्हती, कारण ती खरे आणि खोटे जवळपास सारख्याच प्रमाणात पसरवत होती. फरक माणसांनी केला होता. खोट्यात नावीन्य असते आणि ते आश्चर्य व किळस जागवते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखादा मजकूर वाचताच संताप, भीती किंवा "मी म्हणतच होतो" असे समाधान दाटून आले, तर तो क्षण पुढे पाठवण्याचा नसून थांबण्याचा आहे. यांपैकी तिसरी भावना सर्वांत धोकादायक, असे माझे मत आहे. कारण संतापलेला माणूस निदान स्वतःचा संताप ओळखतो, पण आपल्या मताला पुष्टी मिळाल्याचा आनंद संशयाला जागाच ठेवत नाही. हे थांबणे काही मिनिटांचेही पुरते. पेनिकुक, रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, एखादे शीर्षक अचूक आहे का एवढाच प्रश्न आधी विचारला गेला, तरी लोक नंतर पुढे पाठवत असलेल्या बातम्यांचा दर्जा सुधारत असल्याचे दिसले.

दुसरी पायरी: पडताळणी

पडताळणी म्हणजे समोरचा मजकूर अधिक बारकाईने वाचणे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणीकार यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली, तेव्हा विद्यार्थी आणि अनेक इतिहासकारही त्या पानावरच रेंगाळले. सुबक मांडणी, भारदस्त नाव आणि संदर्भसूची यांनी ते फसले. पडताळणीकार मात्र काही क्षणांतच ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात, हे पाहू लागले. याला आडवे वाचन म्हणता येईल. ‘आमच्याविषयी’ या पानावर कोणीही स्वतःची स्तुतीच करणार; म्हणून संस्थेचे नाव शोधयंत्रात टाकून तिच्यामागे कोण आहे, पैसा कोणाचा आहे आणि तिच्यावर पूर्वी कोणते आक्षेप आले आहेत, हे बाहेरून पाहावे.

त्यानंतर मूळ शोधावे. विधान कोणाच्या तोंडी घातले असेल, तर त्यातील सात-आठ शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधावेत आणि संपूर्ण भाषण किंवा मुलाखत मिळते का ते बघावे. अर्धे वाक्य कापून अर्थ उलटवणे हा फार जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे. आकडा असेल, तर तो ज्या अहवालातून आला तो उघडावा आणि हे प्रमाण कशाच्या तुलनेत, कोणत्या काळातले व किती लोकांमधले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. बातमीचा स्क्रीनशॉट असेल, तर त्या वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या संकेतस्थळावर ती बातमी खरोखर आहे का, ते पाहावे. स्क्रीनशॉट कोणालाही घरबसल्या बनवता येतो, त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत जवळपास शून्य धरावी.

छायाचित्रांच्या बाबतीत सर्वाधिक आढळणारी फसवणूक सर्वांत साधी असते: चित्र खरे, पण जुने किंवा दुसऱ्याच ठिकाणचे. त्यासाठी चित्र जतन करून उलट्या शोधात, म्हणजे शब्दांऐवजी चित्र देऊन करता येणाऱ्या शोधात, टाकावे. गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स यांचे निकाल वेगवेगळे येतात, म्हणून किमान दोन ठिकाणी शोधावे. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. काहीच सापडले नाही, तर चित्राच्या कडा कापून, त्यावर चिकटवलेली अक्षरे वगळून किंवा ते आरशातल्यासारखे उलटवून पुन्हा शोधावे, कारण शोध चुकवण्यासाठी नेमके हेच बदल केलेले असतात. चित्रफितीसाठी इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरला जोडता येणारे साधन फितीतील ठळक चौकटी, म्हणजे स्थिर दृश्ये, वेगळ्या काढून देते. ते नसेल, तर दृश्य बदलते त्या जागी फीत थांबवून स्क्रीनशॉट घ्यावेत आणि तेच शोधावेत. पाट्यांची भाषा, वाहनांच्या क्रमांकपट्ट्या, डोंगरांची रेषा, सावल्यांची दिशा आणि त्या दिवसाचे हवामान यांवरून ठिकाण व वेळ ठरवण्याचे शास्त्र एलियट हिगिन्स यांनी २०१४मध्ये स्थापन केलेल्या बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने बरेच पुढे नेले आहे. सामान्य वाचकाला त्यातले पाट्या आणि हवामान एवढे जमले, तरी बरीच मजल मारता येते. चित्रासोबतची तांत्रिक माहिती (ते कधी, कोठे आणि कशाने काढले) बहुतेक समाजमाध्यमे चित्र चढवतानाच पुसून टाकतात, त्यामुळे ती नसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांसाठी बोटे मोजण्याचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे, आणि अशी चित्रे ओळखून देण्याचा दावा करणारी साधने फक्त शक्यता सांगतात, निकाल देत नाहीत. इथे चित्रापेक्षा परिस्थितीला प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. २२ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मुख्यालय असलेल्या पेंटॅगॉनजवळ स्फोट झाल्याचे बनावट चित्र निळी खूण असलेल्या खात्यांवरून पसरले आणि अमेरिकेतील शेअर बाजार काही क्षण घसरला. त्या चित्रात दोष होतेच, पण खरी शंका यायला हवी होती ती वेगळ्याच कारणाने: इतक्या गजबजलेल्या ठिकाणी स्फोट झाला असता, तर एकच चित्र कसे आले असते? स्थानिक अग्निशमन विभागाने खुलासा करताच ते प्रकरण मिटले. आवाजाच्या बाबतीत काम अधिक कठीण आहे. सप्टेंबर २०२३मध्ये स्लोव्हाकियातील मतदानाच्या दोन दिवस आधी एका प्रमुख पक्षाच्या नेत्याच्या आवाजातील बनावट ध्वनिफीत फिरली. तो प्रचारबंदीचा काळ असल्याने तिचे जाहीर खंडनही अवघड झाले. ध्वनिफीत आली, की ती सर्वप्रथम कोठे प्रकट झाली, ती कोणाकडे होती आणि नेमकी आजच का बाहेर आली, हे विचारावे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: बनावट चित्रफिती शक्य आहेत हे सर्वांना कळल्यामुळे, खऱ्या पुराव्यालाही "ते बनावट आहे" असे म्हणून झटकणे सोपे झाले आहे. म्हणून "हल्ली कशावरच विश्वास ठेवता येत नाही" हे सावधपणाचे लक्षण नसून अपप्रचार यशस्वी झाल्याचे लक्षण आहे.

पडताळणीसाठी संवादयंत्राला (चॅटबॉटला) विचारण्याची सवय वाढते आहे. त्याच्याकडून शोधाची दिशा घ्यायला हरकत नाही, परंतु ताज्या घटनांविषयी ते आत्मविश्वासाने चुकते. म्हणून त्याने दिलेला दुवा स्वतः उघडून वाचल्याशिवाय त्याचे उत्तर कोणालाही पाठवू नये.

एक्सवरील (पूर्वीच्या ट्विटरवरील) सामूहिक टिपांची पद्धत २०२१मध्ये ‘बर्डवॉच’ या नावाने सुरू झाली. एरवी एकमेकांशी असहमत असणाऱ्या लोकांनी एखादी टीप उपयुक्त ठरवली, तरच ती सर्वांना दिसते. कल्पना चांगली आहे, कारण एकाच बाजूच्या झुंडीला टीप रेटता येत नाही. पण याच कारणामुळे ज्या विषयांवर समाज सर्वाधिक दुभंगलेला असतो, तिथेच टीप अडकून पडते, आणि आली तरी पुष्कळदा मजकूर फिरून झाल्यावर येते. ज्यांना वेळ आहे त्यांनी नोंदणी करून टिपांना गुण द्यावेत. स्वतः टीप लिहिताना एकच दावा घ्यावा, मूळ दस्तऐवजाचा दुवा द्यावा आणि विशेषणे टाळावीत. बोचरी टीप दुसऱ्या बाजूकडून मान्य होत नाही.

तिसरी पायरी: उत्तर द्यायचे की नाही, हे ठरवणे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. मूर्खपणाचे विधान करायला जितकी शक्ती लागते, त्याच्या कितीतरी पट ते खोडून काढायला लागते, हे आल्बेर्तो ब्रँडोलिनी या इटालियन संगणकतज्ज्ञाने २०१३मध्ये गमतीने मांडलेले सूत्र अनुभवाला पटणारे आहे. त्यातच प्रत्येक प्रतिसाद, मग तो विरोधी का असेना, समाजमाध्यमाच्या गणिताला (अल्गोरिदमला) "या मजकुरात लोकांना रस आहे" असेच सांगत असतो. वीस लोकांनी पाहिलेला दावा दोन हजार लोकांपुढे खोडून काढणे म्हणजे एक हजार नऊशे ऐंशी लोकांना तो नव्याने ऐकवणे होय.

म्हणून प्रथम पाहावे की, हा दावा आपल्या वर्तुळात आधीच पोहोचला आहे का. पोहोचला नसेल, तर दुवा आणि तारीख टिपून ठेवावी आणि गप्प राहावे. पोहोचला असेल, तर त्याने कोणाचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते का, हे बघावे: कोणी औषध सोडेल, कोणावर हात उगारला जाईल, कोणाचे मत वाया जाईल, कोणाचे पैसे बुडतील. यांपैकी काहीच होणार नसेल आणि दावा केवळ हास्यास्पद असेल, तर तो सोडून द्यावा. नुकसान संभवत असेल, तर मात्र वाट पाहू नये; आणि त्या विषयात आपल्यापेक्षा अधिक जाणकार व विश्वासू कोणी असेल, तर त्यांना बोलायला सांगावे.

मौन नेहमीच शहाणपणाचे नसते, हे २०२४मध्ये ब्रिटनमधील साउथपोर्ट येथे दिसले. २९ जुलैला तीन मुलींची हत्या झाली. आरोपी अल्पवयीन असल्याने त्याचे नाव जाहीर करता येत नव्हते. त्या पोकळीत एक खोटे नाव आणि तो नुकताच होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची कहाणी शिरली आणि दुसऱ्याच दिवशी दंगल पेटली. आरोपी कार्डिफमध्ये जन्मलेला होता. न्यायालयाने १ ऑगस्टला त्याचे नाव उघड करण्यास परवानगी दिली, तोवर खोटे बरेच पुढे गेले होते. संस्था, शाळा किंवा सोसायटी चालवणाऱ्यांनी यातून घ्यायची पद्धत अशी: संकटाच्या पहिल्या तासातच एक छोटे निवेदन काढावे, त्यात काय निश्चित माहीत आहे, काय अजून माहीत नाही आणि पुढची माहिती किती वाजता दिली जाईल, हे लिहावे, आणि त्या वेळेला सांगण्यासारखे नवे काही नसले, तरी तेवढेच सांगायला हजर राहावे.

चौथी पायरी: खंडन लिहिणे

खोटे ऐकून नंतर ते खोटे असल्याचे समजले, तरी त्याचा ठसा मनात उरतो. मानसशास्त्रज्ञांनी हे १९९०च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवले आहे. नुसते "हे खोटे आहे" म्हटल्याने मनात रिकामी जागा राहते आणि जुनी कहाणीच पुन्हा तिथे येऊन बसते. त्या जागी दुसरे, खरे स्पष्टीकरण द्यावे लागते. पुनरुक्तीने विधान खरे वाटू लागते, हेही १९७७पासून माहीत आहे. म्हणून खंडनात खोटे विधान एकदाच आणि तेही इशारा देऊन यावे. क्रम असा ठेवावा: आधी सत्य, मग खोटे काय पसरले आहे ते, त्यात कोणती युक्ती वापरली आहे ते, आणि शेवटी पुन्हा सत्य. उदाहरणार्थ: "धरण सुरक्षित आहे आणि पाण्याची पातळी धोक्याच्या खाली आहे, असे धरण प्रशासनाने आज सकाळी कळवले आहे. धरण फुटल्याची म्हणून एक चित्रफीत फिरते आहे. ती दुसऱ्या देशातील असून काही वर्षांपूर्वीची आहे, तिच्यातील पाट्या दिसू नयेत म्हणून कडा कापल्या आहेत. धरणातून नेहमीचाच विसर्ग चालू आहे; खुलाशाचा दुवा सोबत आहे."

शीर्षकात खोटे विधान प्रश्नरूपातही लिहू नये. मूळ चित्र दाखवणे आवश्यकच असेल, तर त्यावर मोठी फुली किंवा ‘खोटे’ हा शब्द असा टाकावा की, तो कापून वेगळा करता येणार नाही. खंडन केल्याने माणूस उलट हट्टाला पेटतो, अशी भीती २०१०मधील एका गाजलेल्या अभ्यासानंतर पसरली होती; परंतु वुड आणि पोर्टर यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या, खूप मोठ्या प्रमाणावरच्या प्रयोगांत असा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही. तेव्हा त्या भीतीने खंडन टाळण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: बंद गटांतले काम

व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांवर संदेश कूटबद्ध असतात आणि कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. खासगीपणासाठी हे योग्यच आहे. पण त्यामुळे तिथे बाहेरून कोणी नियामक येणार नाही. कंपनीने जानेवारी २०१९मध्ये जगभर एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२०मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा बदल केला. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसते. मजकूर खरा की खोटा हे ती सांगत नाही. तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही आणि बऱ्याच हातांतून आला आहे, एवढे मात्र खात्रीने सांगते.

ॲडमिनने दोन-तीन नियम आधीच, वाद नसताना, गटाच्या वर्णनात लिहून ठेवावेत: दुहेरी बाणाचा मजकूर स्रोतासह टाकावा, आजाराविषयीचे उपाय टाकू नयेत, खंडन आले तर त्यावर वाद न घालता ते सर्वांना दिसू द्यावे. नियम भांडणानंतर केले, की ते एका माणसाविरुद्ध केल्यासारखे वाटतात.

प्रत्यक्ष दुरुस्तीत लहेजाला फार महत्त्व आहे. वयाने मोठ्या नातेवाइकाला भर गटात खोटे पाडले, तर ते त्या मजकुराचे नव्हे, स्वतःच्या मानाचे रक्षण करू लागतात. आधी खासगीत लिहावे: "काका, तुम्ही सकाळी पाठवलेला तो व्हिडिओ मी शोधून पाहिला. तो चार वर्षांपूर्वीचा निघाला, दुवा पाठवतो आहे. गटात तुम्हीच सांगितलेत तर सगळे लगेच ऐकतील." त्यांनी तसे केले, तर उत्तमच, नाही केले, तर तासाभराने कोणाचेही नाव न घेता गटात खंडन टाकावे, कारण जिथे खोटे पसरले तिथे ते दुरुस्त होणे आवश्यक आहे. जे ठाम मत बनवून बसले आहेत, त्यांना जिंकण्याचा हट्ट धरू नये. गटातील बहुसंख्य लोक न बोलता वाचत असतात, आणि खंडन त्यांच्यासाठी असते.

सहावी पायरी: आधीच सावध करणे

लसीप्रमाणे खोट्याची सौम्य मात्रा आधी दिली, तर मन प्रतिकार शिकते, ही कल्पना विल्यम मॅकग्वायर यांनी १९६०च्या दशकात मांडली. २०१८मध्ये आलेल्या ‘बॅड न्यूज’ या खेळात खेळणारा स्वतःच अपप्रचारक बनून त्याच्या युक्त्या शिकतो, आणि २०२२मध्ये यूट्यूबवर दाखवलेल्या छोट्या चित्रफितींच्या प्रयोगातही लोक या युक्त्या अधिक चांगल्या ओळखू लागल्याचे आढळले. निवडणूक, साथ, परीक्षा किंवा मोठे वादळ यांच्या आधी कोणत्या प्रकारचे खोटे येईल, याचा अंदाज बहुधा बांधता येतो: मतदानाची तारीख बदलल्याचा संदेश, फुटलेली प्रश्नपत्रिका, जुन्या पुराचे चित्र. आठवडाभर आधी एक संदेश टाकून असे दावे येण्याची शक्यता आहे आणि खरी माहिती कोठे मिळेल, एवढे सांगितले, तर नंतरचे अर्धे काम वाचते.

सातवी पायरी: नोंद आणि तक्रार

तक्रारीवरच कारवाई होणार असेल, तर तक्रार नीट केली पाहिजे. आधी पुरावा जपावा: इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाची प्रत साठवता येते; ते जमत नसेल, तर पत्ता, खात्याचे नाव, तारीख व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मग ‘खोटी माहिती’ असा ढोबळ पर्याय निवडण्याऐवजी तोतयेगिरी, धमकी, आर्थिक फसवणूक, खासगी माहिती उघड करणे अशांपैकी जो खरोखर लागू असेल, तो निवडावा. युरोपीय संघात १७ फेब्रुवारी २०२४पासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना अशा निर्णयांची कारणे द्यावी लागतात आणि उल्लंघनाबद्दल जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. इतरत्र ‘खोट्या बातम्यां’विरुद्धच्या कायद्यांकडे मी थोड्या सावधपणे पाहतो; खोटे काय, हे ठरवण्याचा अधिकार सत्तेच्या हाती गेला, की तो टीकाकारांवरही चालतो.

राहिली स्वतःची चूक. इतके करूनही आपल्या हातून कधीतरी खोटे पुढे जाते. तेव्हा संदेश गुपचूप पुसू नये; पुसण्याची मुदत मर्यादित असते आणि तोवर त्याच्या प्रती दुसरीकडे गेलेल्या असतात. ज्या-ज्या ठिकाणी तो पाठवला असेल, तिथे मूळ संदेशालाच उत्तर देऊन लिहावे: "काल मी पाठवलेले हे छायाचित्र चुकीचे होते. ते जुने आहे, मी तपासले नव्हते. मूळ बातमीचा दुवा खाली देत आहे. आपण ते पुढे पाठवले असल्यास कृपया ही दुरुस्तीही तिथे पाठवावी."